प्रोसेसर बदलताना हिशेब कशाचा करावा?

घरचा संगणक रेंगाळू लागला की बहुतेकांचे लक्ष प्रथम प्रोसेसरकडे जाते आणि कोणता प्रोसेसर घ्यावा, हे ठरवण्यासाठी आपण आकड्यांचे तक्ते उघडून बसतो. तक्त्यांआधी आपल्या मदरबोर्डचे, म्हणजे प्रोसेसर आणि इतर भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाचे, नाव पाहावे, असे माझे आजचे आग्रहाचे सांगणे आहे. नवा प्रोसेसर बसवण्यासाठी मदरबोर्ड, रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आणि कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) यांपैकी काय काय बदलावे लागते, त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याची खरी किंमत. आणि ही बेरीज तक्त्यात कुठेच छापलेली नसते.

मुळात दोष प्रोसेसरचा आहे का, हे आधी तपासले पाहिजे. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि जे काम करताना खोळंबा होतो, तेच काम सुरू ठेवून आलेख पाहा. डिस्क शंभर टक्क्यांवर टेकलेली आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवावी. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर रॅम वाढवावी. मात्र एक गोष्ट येथे फसवी आहे. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे आठ धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकच थ्रेड वापरणारा प्रोग्रॅम पूर्ण जोर लावून चालला, तरी एकूण वापर साधारण १२ ते १३ टक्केच दिसतो. आलेखावर राइट-क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा, म्हणजे एकेका थ्रेडच्या जागेचा, वेगळा आलेख मागवला, तरी विंडोज ते काम एका कोअरवरून (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एककावरून) दुसऱ्यावर हलवत असल्यामुळे भार विखुरलेला दिसू शकतो. अशा वेळी ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तेथे कोअर वाढवून उपयोग नाही. प्रत्येक कोअर अधिक वेगवान असलेला, म्हणजे नव्या पिढीचा प्रोसेसर हवा.

कोअरच्या संख्येविषयीचा संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांचा १९६७ सालचा युक्तिवाद आजही तितकाच उपयोगी आहे. एखाद्या कामाचा तीन चतुर्थांश भाग कोअरमध्ये वाटता येत असेल आणि उरलेला चतुर्थांश एकामागून एकच करावा लागत असेल, तर सहा कोअरवर ते काम सुमारे २.७ पट वेगाने होते आणि बारा कोअरवर ३.२ पट. म्हणजे कोअर दुप्पट केले, तरी पदरात पडतो तो वीस टक्के वेग. व्हिडिओ रूपांतरासारख्या कामात वाटणी चांगली होते, म्हणून तेथे जास्त कोअरवर केलेला खर्च वसूल होतो. पण घरगुती वापरासाठी सहा कोअर पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गिगाहर्ट्झच्या, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळी वेगाच्या, आकड्यावरून वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना तर मुळीच करू नये. २००६ साली आलेल्या इंटेलच्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याच कंपनीच्या जुन्या ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकले होते.

आता मदरबोर्डकडे वळू. २०१७ साली घेतलेले दोन संगणक डोळ्यांसमोर आणा. एकात इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय५ आहे, दुसऱ्यात एएमडीचा पहिल्या पिढीचा रायझन. विंडोज १० चा नियमित आधार (मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे दोन्ही प्रोसेसर बसत नाहीत. दुखणे सारखे, पण उपाय अगदी वेगळे. रायझन ज्या एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेत) आहे, त्याच सॉकेटमध्ये २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसतो. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठीचे बायोस (संगणक सुरू करणारे, बोर्डावरचे सॉफ्टवेअर) दिलेले असेल, तर सहा कोअरचा, ६५ वॉटचा हा प्रोसेसर जुन्या बोर्डावर, जुन्याच रॅमसह चालतो आणि विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो. एका सुट्या भागावर निभावणारा याहून फायद्याचा बदल मला माहीत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीचा सॉकेट नावाने एलजीए ११५१ च राहिला, पण त्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरील भागांचा समन्वय साधणारी चिप) लागतो. म्हणून सातव्या पिढीच्या संगणकात बोर्ड बदलणे अटळ ठरते. तरीही रॅम वाचवता येते. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही पिढ्यांसाठी निघाले; डीडीआर४ चा बोर्ड आणि त्यावर कोअर आय५ १२४०० घेतला, तर जुनी डीडीआर४ रॅम कामी येते. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर किंवा इंटेलच्या एलजीए १८५१ वर जायचे, तर डीडीआर५ विकत घ्यावीच लागते.

नावांतले साधर्म्यही जपून वाचावे. रायझन ५ ५५०० आणि ५६०० या दोघांत सहाच कोअर आहेत, पण पहिल्यात एल३ कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान स्मृती) १६ एमबी, तर दुसऱ्यात ३२ एमबी आहे, आणि संगणकावरच्या खेळांत हा फरक जाणवतो. ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) नाही; वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ५६००जी घ्यावा. इंटेलच्या नावाअखेरच्या ‘एफ’चा अर्थही तोच: ग्राफिक्स नाही.

बसवण्याआधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा. नंतर ते करायला चालता संगणकच हाती नसतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण प्रोसेसर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलर यांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपामुळे) कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून तापू द्या, मग तो बंद करून वीज काढा आणि कूलर सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. बायोस बदलताना रॅमची सेटिंग बहुधा मूळ पदावर जाते. म्हणून नवा प्रोसेसर बसल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा सुरू केले पाहिजे, नाहीतर ३२०० वेगाची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते.