नियमांचा फलक लावला, पण मुलांना ते शिकवलं का?

नमस्कार. शाळा सुरू व्हायला दहा-बारा दिवस राहिलेत आणि कमेंटमध्ये दरवर्षीचा प्रश्न पुन्हा आलाय. "मॅडम, मारायचं नाही, ओरडायचं नाही, वर्गाबाहेर उभं करायचं नाही. मग आम्ही करायचं तरी काय?" एकट्या मागच्या व्हिडिओखाली हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज बाकीचे विषय बाजूला ठेवते.

कायद्याचं पटकन सांगते, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 17 मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

दुसरी गोष्ट. सगळ्या शाळेने मिळून मुलांचं चांगलं वागणं घडवायचं, या कामाची एक पद्धत अमेरिकेत तयार झाली. तिला पीबीआयएस म्हणतात, म्हणजे पॉझिटिव्ह बिहेविअरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स. ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज सुगाई आणि रॉब हॉर्नर ही त्यातली मोठी नावं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिथल्या शिक्षण खात्याच्या पैशावर त्यासाठी एक केंद्र चालतं. त्यांचा ढाचा साधा आहे. शाळेतल्या साधारण 80 टक्के मुलांना सगळ्यांसाठीची नीट घडी पुरते. 15 टक्क्यांच्या आसपास मुलांना थोडी जास्तीची मदत लागते. उरलेल्या 5 टक्क्यांकडे एकेक करून बघावं लागतं. हे आकडे अंदाजाचे, शाळेगणिक बदलणारे. तीन ते पाच अपेक्षा ठरवायच्या, त्या मुलांना शिकवायच्या, तसं वागलं की लगेच सांगायचं, न वागलं तर काय होणार तेही आधीच ठरवायचं, आणि नोंदी ठेवायच्या. झालं. पद्धत एवढीच आहे.

आता खरं बोलू. या यादीतलं "शिकवायच्या" हे जे आहे ना, ते बहुतेक शाळा गाळतात. अपेक्षा ठरतात, त्यांचा फलक रंगवून घेतात, प्रवेशद्वारापाशी लावतात, फोटो आपल्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर जातो. आणि मग जुलैमध्ये मला मेसेज येतो, "मॅडम, सगळं केलं, फरक नाही."

अहो, केलं काय? फलक लावला. शिकवलं कुठे?

तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर आपण काय करतो? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेतो, एक गठ्ठा सोडवून दाखवतो, त्याच्या हाताने सोडवून घेतो. दुसऱ्या दिवशी परत. चुकला तर आपल्याला राग येत नाही, आपण म्हणतो अजून पक्कं झालं नाही. "वजाबाकी बरोबर करा" असा फलक भिंतीवर लावून कुणी कामाला लागत नाही. मग "शिस्तीत वागा" या फलकाने मूल शिकेल असं आपण का धरून चालतो? शिस्तीत म्हणजे नेमकं कसं, हे सहा वर्षांच्या पोराला कोण सांगणार?

आमच्या शाळेचं उदाहरण देते. आमची भांडणं कुठे व्हायची? आम्ही महिनाभर एक वही ठेवली होती. त्यात काय झालं, कुठे झालं, किती वाजता झालं, एवढंच लिहायचं. पोराचं नाव शेवटच्या रकान्यात. आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण नाव आधी लिहिलं की आपण जागा आणि वेळ बघतच नाही, "तोच तो" म्हणून वही मिटतो. महिन्याने वही उघडली तर निम्म्याहून जास्त नोंदी एकाच ठिकाणच्या. पोषण आहारानंतरचा नळ. ढकलाढकली, ताटं आपटणं, अंगावर पाणी, रडारड.

मग आम्ही नळावर जाऊन उभे राहिलो. चार तोट्या, त्यातली एक गळकी. दीडशे मुलं दहा मिनिटांत तिथे येणार. ताट धुवायला यायची वाट आणि धुऊन परत जायची वाट एकच, आणि ती टाकीला खेटून. मुलं वाईट नव्हती. रस्ताच तसा होता.

गॅदरिंगला मैदानावर आखायला फक्की आणतो ना, तीच घेतली. टाकीच्या एका बाजूने यायची रेघ आखली, दुसऱ्या बाजूने जायची. आणि मग सोमवारी तिसऱ्या तासाला, भर उन्हात, एकेक वर्ग रिकामी ताटं घेऊन नळावर नेला. रांगेत कुठे थांबायचं, पुढच्याची तोटी मोकळी झाल्यावर निघायचं, उष्टं आधी बादलीत, ताट आडवं धरायचं म्हणजे पाणी उडत नाही. मी स्वतः ताट घेऊन करून दाखवलं. मग दोन मुलींनी दाखवलं. मग एकाला मुद्दाम चुकीचं करायला लावलं आणि बाकीच्यांना विचारलं, काय चुकलं? पोरं खूश. वीस मिनिटं लागली. मंगळवारी परत केलं, बुधवारी परत केलं. पुढचे दोन आठवडे रोज एक शिक्षक तिथे उभा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही हे सगळं समजावून सांगितलं, कारण बादलीपाशी त्याच असतात.

आमच्या तीन अपेक्षा अशा आहेत: "जपून वागू. नीट बोलू. आपलं काम आपण करू." नळावर जपून म्हणजे रेघेवर थांबणं. पायऱ्यांवर जपून म्हणजे एकेक पायरी. वर्गात जपून म्हणजे कंपासपेटीतलं करकटक दुसऱ्याकडे द्यायचं तर टोक आपल्याकडे धरून. शब्द तोच, पण प्रत्येक जागी त्याचा अर्थ हाताने करून दाखवावा लागतो. "पळू नका, ओरडू नका, मारू नका" असे सतरा नकार लिहिले तर मुलाला काय करायचं ते कळतच नाही, काय करायचं नाही एवढंच कळतं.

एका सरांनी लिहिलंय, "शिक्षकाचं काम शिकवणं आहे, नळावर उभं राहणं नाही." सर, तुमच्यावर कामाचा किती भार आहे हे मला माहीत आहे, ऑनलाइन माहिती भरण्यात माझेही तास जातात. पण साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत होते. मुलं बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्या स्वतः आवरून ठेवायचे. मुलांनी ते पाहिलं आणि ती स्वतः आवरायला लागली. करून दाखवणं हेही शिकवणंच आहे, आणि आपल्या मराठी शाळेत ते शंभर वर्षांपासून आहे. त्यासाठी ओरेगनला जायची गरज नाही.

आता हेच "सगळ्या शाळेने" का, हे घरातल्या उदाहरणाने सांगते. तुमच्या घरी देवघरात कुणी चप्पल घालून जातं का? तिथे फलक आहे का? नाही. लहान पोर चप्पल घालून निघालं की आजी म्हणते "अगं चप्पल", बाबा उचलून मागे आणतो, मामा आलेला असेल तर तोही तेच म्हणतो. सगळे तेच म्हणतात, दरवेळी म्हणतात, आणि सगळे स्वतः तसंच वागतात. दीड-दोन वर्षांचं मूल ते शिकतं. आता विचार करा, आजी नको म्हणाली असती, आत्याने चालतं म्हटलं असतं आणि बाबा चप्पल घालूनच आत गेला असता तर? शाळेत आपण नेमकं हेच करतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एका शिक्षकाने घाई होती म्हणून आपला वर्ग जायच्या वाटेने उलटा नेला. दुसऱ्या दिवशी चौथीची पोरं मला म्हणाली, "बाई, मग आम्ही का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. त्या शनिवारी आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं, नळापुरतं तरी आपण सात जण एकाच तोंडाने बोलायचं.

आता कलम 17 कडे येते, कारण ही गोष्ट मला सांगायचीच आहे.

बोलणाऱ्या मुलांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहायची, ही पद्धत माझ्या वर्गातही होती. बरीच वर्षं होती. मी ऑफिसात गेले की मॉनिटर फळ्यापाशी. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आमच्याही लहानपणी तेच होतं.

आमच्या भागातली खूप कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. तिसरीतला एक मुलगा असाच पाडव्याच्या सुमारास परत आला. पाच महिन्यांत वर्गाच्या सवयी बदललेल्या, बसायची जागा बदललेली, रांग कशी करायची हेही त्याला माहीत नाही. रोज त्याचं नाव फळ्यावर. एका सकाळी मी परिपाठाआधी वर्गात गेले तर तो एकटाच आत होता. खडू घेऊन त्याने फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. अक्षर सुंदर, भोवती चौकट. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "नंतर लिहितातच ना बाई."

मी डस्टर घेतलं आणि ते नाव पुसलं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात फळ्यावर नाव लिहिणं बंद. कायद्याने ज्याला मानसिक त्रास म्हटलंय तो मी रोज एका आठ वर्षांच्या मुलाला देत होते, आणि त्याला माझ्या वर्गात कसं वागायचं हे मी एकदाही शिकवलं नव्हतं. बदललेल्या सवयी बाकीची मुलं तो नसताना शिकली. तो मार्चमध्ये आला, त्याला कुणी शिकवलं?

म्हणून सांगते, परत शिकवायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांना. ऊसतोडीवरून पोरं आली की त्यांना, त्याच दिवशी, सोबतीला एक जबाबदार मूल देऊन.

आता "बक्षिसं देणं म्हणजे लाच नाही का?" हा प्रश्न. लाच चुकीच्या कामासाठी देतात. मूल चांगलं वागलं आणि आपण ते पाहिलं, एवढं त्याला कळलं पाहिजे. पण नुसतं "शाबास" म्हणू नका. "तू ताट धरून थांबलीस आणि छोटीला पुढे जाऊ दिलंस" असं म्हणा, म्हणजे तिला कळतं आपण काय बरोबर केलं. मी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या होत्या, एका वाटीत चिंचोके. मुलाला असं नेमकं काही चांगलं म्हटलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या वाटीत तीन चिंचोके होते. रागावले किती वेळा हे मोजलं असतं तर वाटी पुरली नसती. पीबीआयएसवाले एकदा टोकलं तर चारदा नेमकं कौतुक, असं प्रमाण सांगतात. तुम्ही चिंचोके ठेवून बघा.

आमच्याकडे बक्षीस म्हणजे सगळ्या वर्गाला शनिवारी खो-खोला पंधरा मिनिटं जास्त. आणि हात जोडून सांगते, मिळवलेलं काढून घेऊ नका. सकाळी कमावलेला तारा दुपारी पुसला की मुलाला वाटतं, कमवून तरी उपयोग काय. चूक झाली तर चुकीचं वेगळं बोला. पाणी सांडलं तर पुसून घ्या.

काही मुलांना एवढ्याने पुरत नाही. फळ्यावर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या त्या मुलासाठी मी सकाळी आल्यावर दोन मिनिटं आणि जाताना दोन मिनिटं ठेवली. आज काय जमवायचं, काय जमलं. पहिले आठ दिवस तो नुसता मान हलवायचा. नवव्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्या का?" अशा मुलांसाठी काय काय करता येतं यावर वेगळा व्हिडिओ करते, तो विषय इथे दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही.

जाता जाता, फक्कीबद्दल विचारणाऱ्या ताईंसाठी. फक्की पहिल्या पावसात धुऊन गेली. मग सातवीच्या मुलांनी पिवळ्या ऑइलपेंटने रेघ काढली, ब्रश गावातल्या पेंटरने दिला. दरवर्षी शाळेच्या पहिल्या आठवड्यात नवी सातवी ती रेघ परत रंगवते आणि पहिलीच्या मुलांना ताट घेऊन तिथे कसं थांबायचं ते दाखवते. यंदाचा डबा मी कालच आणून ठेवलाय.