चार दिवसांची सुट्टी: आधी डोंगर की आधी सिनेमा?

नमस्कार मंडळी. समजा चार दिवसांची सुट्टी मंजूर झालीय. यादीत तीन गोष्टी आहेत: एक ट्रेक, वाचायचं राहिलेलं एक जाडजूड पुस्तक आणि बघायचे राहून गेलेले सिनेमे. बहुतेक जण काय करतात? पहिला दिवस लोळण्यात जातो, मधले दोन स्क्रीनसमोर, आणि चौथ्या दिवशी आठवतं, अरे, ट्रेक राहिलाच की! मग पहाटे उठून धावपळ, रात्री उशिरा परत, आणि सकाळी ऑफिसच्या जिन्यात कठडा धरून उभे. माझं म्हणणं सरळ आहे. डोंगर सगळ्यात आधी, पुस्तक मध्ये, सिनेमा त्यानंतर.

पायांचं आधी बोलू. ट्रेक केल्यावर मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, पण लगेच नाही. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतं. बदनाम होते चढण, खरा दोषी असतो उतार. चढताना दम लागतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरतो, म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावत असतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि पुढे एक-दोन दिवस ती जाणवते. लॅक्टिक ॲसिड (जोरात मेहनत करताना स्नायूंत तयार होणारं आम्ल) साचून पाय दुखतात असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. ते तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं, तिसऱ्या दिवशीच्या कळांशी त्याचा संबंध नाही. आता हिशोब करा: शेवटच्या दिवशी डोंगर उतरलात तर सगळ्यात वाईट दुखणार कामाच्या पहिल्या दोन दिवसांत. पहिल्या दिवशी उतरलात तर ते दिवस खुर्चीत, हातात पुस्तक घेऊन जातात. आधीच्या एक-दोन आठवड्यांत कुठलाही छोटा उतार किंवा बरेच जिने उतरून ठेवलेत, तर स्नायू सावध होतात आणि पुढच्या वेळी कमी दुखतं.

वेळेचा अंदाज कसा लावायचा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम दिला, तो आजही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. यात बसणं, खाणं, फोटो काढणं काहीच धरलेलं नाही, आणि चालणारा धडधाकट आहे असं गृहीत आहे. आपल्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी त्यात बऱ्यापैकी भर टाकावी. अंधार पडायच्या आत खाली येणं महत्त्वाचं, नियम पाळणं नव्हे.

पण डोंगर आधी म्हणायचं मोठं कारण पायात नाही, डोक्यात आहे. सबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाचा थकवा कशाने उतरतो हे मोजण्यासाठी चार गोष्टी मांडल्या: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैल पडणं, काहीतरी जमवल्याचा अनुभव, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. यातली पहिली सगळ्यात अवघड. सोफ्यावर बसून ‘आता ऑफिसचा विचार करायचा नाही’ असं ठरवून बघा, हमखास ऑफिसच आठवेल. सुटे दगड असलेल्या वाटेवर मात्र पुढचं पाऊल कुठे टाकायचं याकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि सपाटी आली की लक्ष आपोआप सैल पडतं, पानांकडे जातं, ढगांकडे जातं. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात हेच मांडलंय: निसर्ग लक्ष वेधतो, पण हिसकावून घेत नाही, म्हणून दिवसभर ताणून धरलेल्या एकाग्रतेला विसावा मिळतो.

एक काम मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी करायचं. अर्धी राहिलेली कामं लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे परत आल्यावरची पहिली कृती लिहा. ‘अहवाल’ एवढंच नको, ‘अहवालातला दुसरा तक्ता तपासणे’ असं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं, की अपुरं काम डोक्यात घुटमळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची ठोस योजना केली की त्रास देणं थांबवतं. काम पूर्ण व्हावं लागत नाही!

पुस्तकाबद्दल फार बोलत नाही. फक्त दोन सूचना. ते तुमच्या पेशाविषयीचं नको. आणि पहिली तीस-चाळीस पानं सुट्टीआधीच, रोज थोडी थोडी, वाचून ठेवा. पात्रांची ओळख व्हायला वेळ लागतो, तो सुट्टीतून कशाला खर्च करायचा?

आता सिनेमा. सिनेमा आणि मालिका मी एका पारड्यात घालत नाही. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो, मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो, आणि ‘वेळ आपल्या हातात’ हा मुद्दा तिथेच निसटतो. जपानी संशोधक तामामी नाकानो यांच्या गटाने २००९ मध्ये एक गंमत दाखवली. एकच गोष्ट पडद्यावर बघणाऱ्या माणसांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच वेळी मिटतात, जिथे कथेतलं महत्त्वाचं काही सुटणार नाही नेमक्या तिथे. नुसती दृश्यं दाखवली, कथा नसली, की असं होत नाही. इतकं पकडून ठेवायची ताकद कथेत आहे, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला हरकत नसावी.

शेवटच्या रात्री मात्र सिनेमा नको, दुपारी बघा. तीन रात्री दोनला झोपून दहाला उठलात, तर शरीराचं घड्याळ मागे सरकतं. शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला सोशल जेटलॅग हे नाव दिलं: प्रवास न करता झालेला जेटलॅग. ते घड्याळ एका रात्रीत जागेवर येत नाही, त्यामुळे शेवटून दुसऱ्या दिवसापासूनच रोजच्या वेळेच्या जवळ उठायला लागा.

इतकं करून सुट्टीचा ताजेपणा किती टिकतो? थोडाच. संशोधक येसिका दे ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये मोठ्या सुट्टीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. तब्येत आणि उत्साह साधारण आठव्या दिवसापर्यंत चढत गेला, आणि कामावर आल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं पूर्वपदावर. त्यामुळे सगळी रजा एका मोठ्या सुट्टीसाठी साठवणाऱ्यांशी माझं पटत नाही. वर्षातून चार-पाच वेळा चार-चार दिवस घ्या.

आणि कामावर परतल्याच्या सकाळी पहिले दोन तास मीटिंग घेऊ नका. मेल उघडलीत की सगळ्यात नवी आधी वाचा, जुन्या नंतर. तुम्ही नसताना पेटलेली निम्मी भांडणं तुम्ही नसतानाच विझलेली असतात. आधीची सगळी साखळी वाचत बसलात, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटलेल्या प्रश्नांना उत्तरं लिहीत बसाल.