ठणका थांबल्यानंतरचे तीन आठवडे

(दृश्य : लाकडी टेबलावर ठेवलेले कापलेल्या प्लास्टरचे दोन तुकडे)

मोडलेल्या हातावरच्या प्लास्टरचे हे तुकडे बाईंनी फेकून दिले नाहीत. कापडी पिशवीत घालून त्या ते रुग्णालयात घेऊन आल्या. कडा पाहिल्या की लक्षात येते, हे काम करवतीचे नाही. रात्री प्लास्टरवर पाणी ओतून ते भिजवले आणि पहाटे विळ्याने मनगटाकडून कोपराकडे चिरत नेले. आतला कापूस काळवंडला आहे. एका तुकड्यावर निळ्या बॉलपेनने पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे. शाई पसरली असली तरी ती वाचता येते. ती तारीख उजाडायला अजून तीन आठवडे बाकी होते.

(दृश्य : उसाचा फड, मोळ्या, ट्रकला लावलेली फळी)

बाई बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या. दिवाळी झाली की नवऱ्यासोबत पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे, हे दरवर्षीचेच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजूर नेणारा मुकादम त्या कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभर ती उचल फेडायची असते. डिसेंबरात मोळी डोक्यावर घेऊन याच फळीवरून चढताना पाय घसरला आणि सगळा भार डाव्या तळव्यावर आला. मनगटाच्या किंचित वर, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडले. पडताना माणूस हात पुढे करतो, म्हणून हे हाड मोडलेले रुग्ण रुग्णालयात नेहमीच येतात. उसाच्या फडात मात्र डावा हात ऊस कवळतो आणि उजवा कोयता चालवतो. एक हात प्लास्टरमध्ये गेला की जोडीचा कोयता अर्धा होतो, खाडे पडत जातात आणि उचल तशीच राहते. म्हणून हे प्लास्टर अडाणीपणाने कापले गेले, असे आम्हाला म्हणता येत नाही. बाईंनी बाविसाव्या दिवशी ते का काढले, हे त्यांच्याच शब्दांत ऐकावे : “ठणका थांबला व्हता, मंग कशाला ठिवायचं?”

(दृश्य : प्लास्टर खोली. बादली, पट्ट्या, कापसाच्या गुंडाळ्या)

आता या खोलीत थोडे थांबू या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयातली ही प्लास्टर खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि इथली फरशी धुतली तरी पांढरीच दिसते. पट्टीवर लागलेली ही पांढरी भुकटी जिप्सम या खनिजापासून बनते. भारतात ते मुख्यतः राजस्थानातल्या खाणींतून येते. जिप्सम भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि ही भुकटी उरते. पाणी मिळताच ती ते परत शोषून घेते, पुन्हा दगडासारखी होते आणि होता होता गरम होते. प्लास्टर घालताना हाताला जाणवणारी ऊब ती हीच. ही भुकटी पट्टीत भरून मोडलेल्या हाडावर गुंडाळण्याची पद्धत अँटोनियस माथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने 1852 साली मांडली, आणि दोनच वर्षांनी क्रिमियाच्या युद्धात रशियाच्या निकोलाय पिरोगोव्ह यांनी जखमी सैनिकांसाठी तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

तंत्रज्ञांच्या हातांकडे पाहावे. आधी सुती मोजा, त्यावर कापूस, मनगटाच्या उंचवट्यावर कापसाचा एक जादा थर. पट्टी पाण्यात उभी बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची, हलकेच पिळायची आणि न ओढता गुंडाळत जायची. ओले प्लास्टर सपाट तळव्याने चोळायचे, बोटांच्या टोकांनी दाबायचे नाही. बोट जिथे रुतते तिथे आत खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याखाली कातडीला जखम होते. काही मिनिटांत प्लास्टर वाजवण्याइतके कडक होते, पण आतून वाळायला एक ते तीन दिवस लागतात. या कामाची पाटी रुग्णालयाच्या दारावर कुठेही लागत नाही, म्हणून ते इथे मुद्दाम सविस्तर दाखवले आहे.

हाड बांधून ठेवण्याची समज आपल्याकडे त्याहून फार जुनी आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथात भग्नाच्या, म्हणजे मोडलेल्या हाडाच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. बंध सैल असेल तर सांध्याला स्थैर्य येत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक (पू) होतो, हेही त्यात आहे. सांधा स्थिर व्हायला तरुण वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने लागतात, अशी मुदतही दिली आहे. ज्यांनी क्ष-किरण पाहिले नव्हते, त्यांनीही ठणका थांबण्यावरून मुदत ठरवली नाही.

(दृश्य : उजेडाच्या फळीवर लावलेली क्ष-किरण छायाचित्रे)

आता दोन छायाचित्रे शेजारी ठेवू. पहिले पडल्या दिवसाचे : हाडावरची काळी रेघ स्पष्ट आहे. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग त्या जागी मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होऊ लागतो. दोन-तीन आठवड्यांत हा मऊ सांधा दोन्ही टोकांना इतपत धरतो की ती एकमेकांवर घासत नाहीत. सूज उतरते, ठणका जातो आणि प्लास्टरही थोडे सैल वाटू लागते. नेमक्या याच वेळी माणसाला आपण बरे झालो असे वाटते. पण त्या मऊ सांध्यात चुना भरून तो कठीण व्हायला आणखी आठवडे जातात. मनगटाजवळच्या या हाडाला प्रौढ माणसात साधारण सहा आठवडे लागतात, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा अधिक, आणि लहान मुलांना त्या मानाने कमी. मधुमेह असेल, तंबाखू असेल, तर हा काळ लांबतो. डॉक्टरांनी बाईंना मिश्री लावता का, असे विचारले, कारण तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि जुळणाऱ्या हाडाला रक्तच कमी पडते.

दुसरे छायाचित्र सव्विसाव्या दिवसाचे, म्हणजे मधल्या चार दिवसांच्या तोडणीनंतरचे. हाडाभोवती ढगासारखी पांढुरकी सावली दिसते, ती नव्या हाडाची सुरुवात आहे. पण टोक मागे कलले आहे. असे कललेले हाड वाकडे जुळते किंवा काही वेळा जुळतच नाही, मनगट पुरते वळत नाही, मुठीत जोर राहत नाही आणि पुढे शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी व स्क्रू बसवावे लागतात.

(दृश्य : बाईंचा चेहरा, मग नवऱ्याचे हात. येथे निवेदन नाही.)

(दृश्य : करवत सुरू होते)

घरी प्लास्टर कापणाऱ्या पुष्कळांना या आवाजाची भीती असते, म्हणून तंत्रज्ञ चालू करवतीचे पाते आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवतात. हे पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते; कडक प्लास्टर त्याने चिरते, मऊ कातडी त्याच्यासोबत हलते. विळा किंवा कात्री यांना हा फरक कळत नाही.

प्लास्टर वेळेआधी काढण्याची खरी गरजही पडते, आणि तेव्हा तासभरही थांबता येत नाही. बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना असह्य कळ आली किंवा गोळी घेऊनही वेदना वाढतच गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आत सूज कोंडून रक्तपुरवठा बंद पडू शकतो. प्लास्टर सैल झाले असेल, भिजले असेल, तर तेही इथे येऊन बदलून घ्यावे. तोवर उघड्या राहिलेल्या बोटांची हालचाल चालू ठेवावी, म्हणजे ती आखडत नाहीत.

(दृश्य : नवे प्लास्टर)

बाईंचे हाड बसवण्याजोगे होते. भूल देऊन डॉक्टरांनी ते सरळ केले आणि तंत्रज्ञांनी पुन्हा मोजा, कापूस, पट्टी असा सगळा क्रम केला. “ताई, बोटं हलवून दाखवा,” असे म्हणून त्यांनी एकेक बोट पाहिले, प्लास्टरवर तारीख लिहिली आणि ती दोनदा वाचून दाखवली. नवऱ्याने त्या तारखेपर्यंतचे दिवस बोटांच्या पेरांवर मोजले, मग खिशातून फोन काढला आणि मुकादमाला लावला.