चेंडू टाकणाऱ्या बाईच्या मागे कोण होतं?

मंडळी, आधी हा कागद बघून घ्या. चित्र तळहातापेक्षाही लहान. एक बाई चेंडू टाकतेय आणि समोर एक पुरुष दांडकं उगारून उभा आहे. बस्स, एवढंच. मैदान नाही, झाड नाही, आजूबाजूला कोणी नाही. परदेशात जुने कागद विकणाऱ्या एका दुकानदारानं मला हे 'मध्ययुगातलं, चौदाव्या शतकातलं चित्र' म्हणून विकलं. मीही मोठ्या आनंदानं घेतलं. मुक्कामी येऊन कागद उलटा केला, तर मागे छापील इंग्रजी मजकूर! चौदाव्या शतकात तिकडे छापखाने कुठले? म्हणजे हे जुन्या पुस्तकातून फाडलेलं पान होतं. फसलो, पण त्या फसण्यानंच मला या विषयाला लावलं, त्यामुळे दुकानदारावर माझा राग नाही.

पुस्तक जोसेफ स्ट्रट यांचं. इंग्लंडच्या लोकांचे खेळ आणि करमणुकी हा विषय, पहिली आवृत्ती १८०१ ची. पुढच्याच वर्षी ते वारले. पुढे १८३० च्या सुमारास विल्यम होन यांनी त्याची आटोपशीर आवृत्ती काढली, १४० चित्रांसह, आणि ती घरोघर गेली. ही दोन पुस्तकं बोटांनी ओळखता येतात. पहिल्या आवृत्तीतली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. पत्रा ओल्या कागदावर दाबला की त्याच्या कडांचा खोलगट चौकोन उमटतो. कागद उजेडात तिरका धरलात की दिसतो. होन यांच्या आवृत्तीत लाकडाचे ठसे. ते छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या बरोबरीनं छापता येतात, म्हणून चित्राच्या वरखाली आणि पाठीमागे मजकूर असतो. माझा कागद हा दुसऱ्या जातीचा.

स्ट्रट मूळचे एसेक्समधल्या गिरणीवाल्याच्या घरचे. १७६४ मध्ये, चौदा-पंधराव्या वर्षी, विल्यम विन रायलंड या नामवंत कोरक्याकडे उमेदवारीला लागले. या गुरूंची कथा मोठी विचित्र. हात इतका तयार, की पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नावची हुंडी बनावट केल्याच्या आरोपावरून १७८३ मध्ये त्यांना फाशी झाली. शिष्यानं मात्र जन्मभर प्रामाणिक नकला केल्या. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचं, हस्तलिखितं चाळायची आणि चित्रं उतरवून घ्यायची.

ही चित्रं मुळात असायची कुठे? समासात. आपण 'खेळांचं चित्र' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, कोणीतरी मुद्दाम खेळ रंगवायला बसला असेल. तसं फारच क्वचित. प्रार्थनेच्या पोथीत वर स्तोत्र आणि खाली, पानाच्या तळाशी, वेलबुट्टीवर उभं राहून कोणी कोंबडे झुंजवतोय, कोणी अस्वल नाचवतोय. 'क्वीन मेरी साल्टर' या नावानं ओळखली जाणारी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची पोथी आहे, तिच्या तळाशी बायका शिकार करताना दिसतात. वर देवाचं नाव, खाली हरणामागे धावाधाव. तेव्हाच्या वाचकाला त्यात काही वावगं वाटत नसावं.

स्ट्रट यांची लाडकी पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातली. सिकंदराच्या अद्भुत कथा, भाषा फ्रेंच. लेखनिकानं काम संपवलं १३३८ मध्ये आणि चित्रकार जेहान द ग्रीझ यानं १३४४ मध्ये. या कथेत सिकंदर आपल्या पोरसाशीही लढतो, म्हणजे वर कुठेतरी हिंदुस्थान जिंकणं चाललंय आणि समासात पोरं खेळतायत. पण गंमत अशी की ही चित्रं रंगवली गेली फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला. स्ट्रट यांच्या पुस्तकावर नाव इंग्लंडच्या जनतेचं आणि आतली कितीतरी पोरं समुद्रापलीकडची! खेळ दोन्हीकडे सारखे असतीलही, पण चित्र काढणाऱ्यानं पाहिली ती त्याच्या गल्लीतली मुलं.

यातलं एक चित्र पाहून तुम्ही लगेच म्हणाल, अहो, ही तर आंधळी कोशिंबीर! फरक एकच, डोळ्यांना रुमाल नाही. त्या काळी सगळेच डोक्या-खांद्यावर कुंचीसारखं वस्त्र घालत. ज्याच्यावर राज्य, त्याची कुंची उलटी फिरवायची, की तोंड झाकलं. बाकीच्यांनी आपापल्या कुंच्या काढायच्या, त्यांना गाठ मारायची आणि त्याला हाणायचं. रंगवलेल्या त्या गाठी नीट बघा. चांगलं लागत असणार.

दुसरा खेळ भालाईताचा. उभ्या खांबावर फिरती आडवी दांडी. तिच्या एका टोकाला फळी, दुसऱ्याला वाळूची पिशवी. घोडा दौडवत यायचं, फळीवर भाला मारायचा आणि निसटायचं. जरा रेंगाळलात की पिशवी गर्रकन फिरून पाठीत. मुलांकडे घोडा कुठला? एक जण चाकाच्या लाकडी घोड्यावर बसायचा आणि दोस्त त्याला ओढत न्यायचे.

आता परत माझ्या कागदाकडे. हा चेंडू-दांडक्याचा खेळ स्ट्रट यांनी 'क्लब बॉल' म्हणून नोंदवला. नावाला आधार काय, तर तिसऱ्या एडवर्ड राजाचा १३६३ चा हुकूम. सणासुदीला लोकांनी धनुष्यबाणाचा सराव करावा. हातानं, पायानं किंवा दांडक्यानं चेंडू खेळण्यात वेळ घालवू नये. (जुने खेळ आपल्याला बरेचदा कळतात ते मनाई हुकुमांतून, खेळणाऱ्यांना लिहायला सवड नव्हती.) हुकुमातला लॅटिन शब्द आणि समासातलं चित्र यांची स्ट्रट यांनी गाठ मारली आणि म्हटलं, क्रिकेटचा पूर्वज हाच असावा. पुढच्या शंभरेक वर्षांत अनेकांनी ते डोळे मिटून उतरवून घेतलं. अलीकडच्या अभ्यासकांना तो निव्वळ तर्क वाटतो. मलाही तसंच वाटतं.

आपण हसायचं कारण नाही. तुकोबांच्या गाथेत हमामा आहे, हुतूतू आहे, विटीदांडू आहे आणि चेंडूफळीही आहे. पुढे क्रिकेट आलं तेव्हा आपण त्यालाच चेंडूफळी म्हणू लागलो. आता गाथेत तो शब्द आला की मनात पटकन तीन यष्ट्या उभ्या राहतात. तुकोबांच्या काळी फळी कशी धरत, धावा होत्या की नव्हत्या, हे शब्द सांगत नाही. आपण भरून टाकतो.

स्ट्रट यांची बाजू मात्र मला सांगितलीच पाहिजे. सिकंदराच्या त्या पोथीतल्या मूळ पानावर बाईच्या मागे आणखी माणसं आहेत. बाया आणि पुरुष, परत येणारा चेंडू पकडायला टपून बसल्यासारखे. स्ट्रट स्वतःच लिहितात की ती चित्रं खराब होऊन पुसट झाली होती, म्हणून कोरताना ती घेणं योग्य वाटलं नाही. बनवून रंगवण्यापेक्षा वगळलेलं बरं, असा हिशेब. त्यांनी कबुली दिली, पण ती मजकुरात. चित्रं पुस्तकातून सुटी झाली, चौकटीत बसली, भिंतीवर लागली आणि कबुली मागे राहिली. आज बोडलियननं ते पान इंटरनेटवर ठेवलंय. मोठं करून पाहिलं तर ती मंडळी मठातले साधू आणि साध्वी असावीत असं वाटतं. म्हणजे तो गावकऱ्यांचा सामना होता, की चित्रकारानं मठवासीयांची केलेली थट्टा? माझा कल थट्टेकडे आहे.

कागद पुढच्या रांगेपासून फिरवतोय. प्लास्टिकच्या पाकिटातून काढू नका, कडा ठिसूळ झाल्यात. बाईच्या मागची कोरी जागा बघा, आणि मग उलटा करून मागचा मजकूरही वाचा.