चौदा आकडी नंबर आणि केसपेपरची खिडकी

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं उपजिल्हा रुग्णालय. सोमवार सकाळ. केसपेपरच्या खिडकीसमोर बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी रांग.]

रविवारी ओपीडी बंद, म्हणून सोमवारी गर्दी दुप्पट. खिडकीपाशी प्रत्येकाला तेच प्रश्न. नाव सांगा. वय किती? गाव कुठलं? मोबाईल नंबर? काचेपलीकडे नीट ऐकू जात नाही. घाईत सुभद्राची सुमित्रा होते, पंचावन्नचे पंचेचाळीस होतात. आणि तोच कागद पुढं डॉक्टरांकडे, रक्ततपासणीला, औषधाच्या खिडकीवर फिरतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. रांग तेवढी राहिली.

[दृश्य: भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड. एक तरुण त्यासमोर मोबाईल धरतो.]

या मुलाच्या मोबाईलमध्ये 'आभा' नावाचं ॲप आहे. त्यानं कोड स्कॅन केला, 'माहिती पाठवा'ला होकार दिला. नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं थेट खिडकीमागच्या संगणकावर गेलं आणि त्याला टोकन नंबर मिळाला. आता खिडकीवर फक्त नंबर सांगायचा आणि छापील केसपेपर घ्यायचा. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून सुरू झाली आणि पुढं देशभरातल्या रुग्णालयांत पोचली.

इथं वाचते ती नाव सांगण्याची रांग. डॉक्टरांच्या दाराबाहेरची रांग आहे तेवढीच आहे, कारण आत डॉक्टर तेवढेच आहेत. कुठलंही ॲप रिकाम्या पदावर डॉक्टर बसवू शकत नाही. हे आधीच सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट समजेल.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर आभा क्रमांक.]

आभा म्हणजे १४ आकड्यांचा आरोग्य खाते क्रमांक. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत याची चाचणी जाहीर झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावानं ही योजना देशभर लागू झाली. काम राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे आहे. क्रमांक काढायला पैसे लागत नाहीत. आधार किंवा वाहन परवाना पुरतो.

गावोगावी आशाताईंना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो: "हे पाच लाखांचं कार्ड ना?" नाही. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं ते आयुष्मान कार्ड. त्याला पात्रता लागते आणि ते उपचाराचा खर्च उचलतं. आभा कोणालाही काढता येतो आणि तो एक रुपयाही देत नाही. दोन्ही नावं सारखी वाटतात. त्यामुळे मोबाईलमध्ये आभा आहे म्हणून निर्धास्त राहिलेलं कुटुंब ऑपरेशनच्या दिवशी अडकू शकतं. आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५ वर करायची. ती आजारी पडण्याआधी करायची.

[दृश्य: एका आजींची कापडी पिशवी. आत जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचा मोठा लिफाफा.]

मग आभाचा खरा उपयोग कशाला? या पिशवीला. रक्तदाबाची कुठली गोळी चालू होती, साखर गेल्या वेळी किती होती, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं, सगळं या कागदांत आहे. पावसात भिजले, पुरात गेले, घडीवर फाटले की रुग्णाचा इतिहास गेला. नवा डॉक्टर पुन्हा तपासण्या लिहून देतो, पुन्हा सुई, पुन्हा एक मजुरी बुडते.

रुग्णालयानं नोंद आभाशी जोडली असेल, तर ती ॲपमध्ये दिसते. नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात जमा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तयार झाल्या तिथंच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना पाहायच्या असतील तर मोबाईलवर विचारणा येते: कोणाला हव्यात, कशासाठी, कुठल्या काळातल्या, किती दिवसांसाठी. आपण होकार देऊ शकतो, नकार देऊ शकतो, दिलेला होकार मागेही घेऊ शकतो.

पण 'जोडली असेल तर' यातच सगळं आलं. डॉक्टर कागदावर लिहितात, संगणकावर चढवायला माणूस नाही, असं असेल तर रुग्णाकडे क्रमांक असतो आणि ॲप रिकामं असतं. किती आभा निघाले याचे मोठे आकडे जाहीर होतात. त्यातल्या कितींमध्ये रुग्णाची नोंद खरंच दिसते, हे विचारायला हवं.

[दृश्य: घराचा उंबरठा. चार्जिंगला लावलेला एकच मोबाईल.]

दुसरी अडचण घरातली. आधारला जोडलेला नंबर बहुतेकदा मुलाचा. मुलगा कामाला पुण्यात. ओटीपी पुण्याला जातो आणि आई इथं रांगेत. काही ठिकाणी बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावरून क्रमांक काढून देतात, ती सोय खिडकीवर विचारावी.

आणि फोन जर सगळ्या घराचा मिळून एकच असेल, तर सुनेचा रिपोर्ट आधी कोण पाहणार? क्षयरोग, गर्भपात, मनाचा आजार. या गोष्टी कोणाला सांगायच्या हे त्या बाईनं ठरवायचं असतं. होकाराचं बटण दुसऱ्याच्या बोटाखाली असेल तर तो होकार तिचा नाही. म्हणून आभा ऐच्छिक आहे हे मोठ्या आवाजात सांगितलं पाहिजे. आभा नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. साध्या केसपेपरची खिडकी उघडी राहिलीच पाहिजे.

[दृश्य: बीड जिल्ह्यातलं एक गाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरला जातोय.]

दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून ऊसतोड मजूर सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात निघतात. टोळीत गरोदर बायाही असतात. गावात एएनएम ताईंनी, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सनं, वजन घेतलेलं असतं, हिमोग्लोबिन तपासलेलं असतं, लसीची तारीख कार्डावर लिहिलेली असते. कार्ड पत्र्याच्या पेटीत, नाहीतर गावीच राहतं. अडीचशे किलोमीटरवर, फडाजवळच्या आरोग्य केंद्रात ती बाई कळा सुरू झाल्यावर पोचते, तेव्हा समोरच्या डॉक्टरला तिच्याबद्दल काहीच माहीत नसतं. रक्त किती कमी आहे? आधीचं सिझर होतं का? जुळं आहे का?

या बाईसाठी नोंद तिच्याबरोबर चालणं ही जिवाची गोष्ट आहे. शहरातल्या माणसाची रांगेतली वीस मिनिटं वाचली तर चांगलंच, पण ही योजना सगळ्यात आधी हिच्यासाठी नीट चालली पाहिजे.

वाटेत डॉक्टर गाठण्याचा आणखी एक रस्ता आहे: ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं तयार केलेली ही सेवा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओवर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देतात. एप्रिल २०२० पासून घरून, स्वतःच्या मोबाईलवरूनही सल्ला घेता येतो. कळा सुरू झालेल्या बाईला तिचा उपयोग नाही, तिथं १०८ लाच फोन करायचा. पण पायावर सूज आलीय, डोकं दुखतंय, असं असेल तर टोळीच्या मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता डॉक्टरशी बोलता येतं.

[दृश्य: उपकेंद्राची पडवी. आशाताई आणि दोन गरोदर बायका.]

टोळ्या निघण्याआधीचे दोन-तीन आठवडे हेच कामाचे. उपकेंद्रानं निघणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा आभा काढावा, शेवटची तपासणी त्याला जोडून द्यावी, आणि तपासणीच्या कार्डाचा फोटो तिच्याच फोनमध्ये ठेवावा. फोन नसेल तर क्रमांक कार्डावर पेनानं लिहून द्यावा. क्रमांक काढताना अडलं तर १८००-११-४४७७ या मोफत नंबरवर विचारता येतं. आणि कारखान्याच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात ती नोंद उघडून पाहणारा माणूस गळीत हंगामाच्या पहिल्या दिवसापासून बसलेला असावा.