साठ मुलं, पस्तीस मिनिटं

(दृश्य : पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेचं मैदान. सकाळचे सव्वासात. शिपाईमामा डब्यातून फक्की सोडत रेघ मारत आहेत.)

नववीच्या वर्गाचा पी.टी.चा तास. वेळापत्रकात तो ३५ मिनिटांचा आहे. घड्याळ लावून बघू. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला ५ मिनिटं. रांगा, हजेरी आणि 'बूट का नाही घातले' यात ६. खोलीची किल्ली शोधून सामान बाहेर काढायला ३. शेवटी पाणी पिऊन वर जायला ५. उरली १६.

या १६ मिनिटांत खो-खो लावला, असं धरू. पटावर ६० मुलं. नऊ-नऊचे दोन संघ, म्हणजे १८ जण खेळणारे आणि ४२ जण कडेला. खेळणाऱ्यांतही आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा, पळणाऱ्या संघाचे तीन आत आणि सहा आपल्या पाळीची वाट बघत. कुठल्याही क्षणी पळतायत किती? चार. साठांतले चार.

खो-खोला नियमांत बसवायचं काम १९१४ साली याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर सुरू झालं. खेळ उत्तमच आहे. एका दमात वेग, वळण आणि वाकणं असं तिन्ही मागणारे खेळ थोडे. पण तो अठरा जणांच्या सामन्यासाठी बांधलाय, साठ जणांच्या तासासाठी नाही.

(दृश्य : तेच मैदान वरून. फक्कीचे चार चौकोन.)

म्हणून मैदानाचे चार भाग करायचे आणि पंधरा-पंधराचे चार गट. एका चौकोनात लंगडी. दुसऱ्यात जोर-बैठका. तिसऱ्यात छोटी धाव, तीन-तीन जणांच्या ओळीत. चौथ्यात आखूड खो-खो : चार बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. बाकीचे सात पुढच्या पाळीला, आणि पाळी दीड मिनिटाची, त्यामुळे वाट बघणं फार नाही. दर चार मिनिटांनी शिट्टी, गट पुढच्या चौकोनात. चार चोक सोळा. तास संपला तेव्हा प्रत्येक मूल चारही ठिकाणी जाऊन आलेलं असतं. हजेरी गटप्रमुख मोजतो, सामान आधीच्या तासाचा वर्ग जागेवर ठेवून जातो. एवढ्या दोन बदलांनी आणखी पाच-सहा मिनिटं सुटतात.

पहिल्या आठवड्यात हे हमखास फसतं, ते दोन जागी. धावेची ओळ भिंतीपाशी संपत असेल, तर मुलं भिंतीच्या भीतीने शेवटच्या दहा मीटरमध्ये ब्रेक लावतात. रेषेपलीकडे किमान १० मीटर मोकळे हवेत. जागाच नसेल तर धाव ३० मीटरचीच ठेवावी, पण पूर्ण वेगाची. दुसरं म्हणजे लंगडीचा चौकोन धावेच्या तोंडाशी आला, की टक्कर ठरलेली.

लंगडीला 'पोरींचा खेळ' म्हणून हसणाऱ्यांनी एकाच पायावर सलग ३० सेकंद पाठलाग करून बघावा. हाडांना घट्टपणा येतो तो अशा उड्यांच्या दणक्यांनी, आणि त्यासाठी हेच वय सगळ्यात मोलाचं. जागतिक आरोग्य संघटनेची ५ ते १७ वयासाठीची शिफारस आहे ती रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशा हालचालीची. शिवाय आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम. सगळं जमून आलं तरी शाळेचा तास त्यातली वीसेक मिनिटं देतो, तीही आठवड्यातून दोन-तीनदाच. उरलेली बाहेर शोधायची.

(दृश्य : टेप, शंकू, स्टॉपवॉच. तक्ता घेऊन उभी मुलगी.)

शोधण्याआधी मोजणी. केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया' उपक्रमातल्या तंदुरुस्ती चाचणीत चौथी ते बारावीसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, उताणं पडून ३० सेकंदांत जमतील तितक्या वेळा अर्धवट उठणं (कर्ल-अप) आणि पुशअप्स असतात. मुलींना पुशअप्स गुडघे टेकून करायची मुभा. ज्या मुलीला न टेकता जमतात, तिला टेकायला लावू नये, एवढंच.

उंची-वजन पाच मिनिटांचं काम. ५० मीटरमध्ये मात्र घड्याळ फसवतं. वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि शिट्टी ऐकून बटण दाबतो. आवाजाला ५० मीटर यायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतो. तेवढ्याने प्रत्येक मूल कागदावर वेगवान ठरतं. म्हणून सुरुवात खाली येणाऱ्या झेंड्यावर, आणि घड्याळही झेंडा बघून.

खरी गडबड ६०० मीटरमध्ये. पुण्यातल्या फार थोड्या शाळांकडे ४०० मीटरचा ट्रॅक आहे. बाकीच्या ३० बाय २० मीटरचा आयत आखतात. परिमिती १०० मीटर, सहा फेऱ्या, हिशेब चोख. पण काटकोनात कुणी पळत नाही. मुलं कोपरा गोल करतात. तो गोल ५ मीटर त्रिज्येचा धरला, तर दर कोपऱ्याला सुमारे २.१५ मीटर वाचतात. एका फेरीला साडेआठ, सहा फेऱ्यांत पन्नासेक. मूल पळालं ५५०, नोंद झाली ६०० ची. उपाय साधा आहे : कोपरे आधीच गोल आखायचे, त्या गोलावरून टेप फिरवायचा आणि सरळ बाजू वाढवून १०० मीटर पुरे करायचे. जागा आडवी येत असेल तर फेरी ९० मीटरची धरावी आणि सहा फेऱ्यांनंतर ६० मीटर वर पळवावं.

सारसबागेजवळच्या सणस मैदानावर सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. ६०० म्हणजे दीड फेरी. फक्त सगळ्यात आतली लेन धरायची. लेन १.२२ मीटर रुंद असते. एक लेन बाहेर सरकलात की प्रत्येक फेरीला साडेसात मीटरहून जास्त अंतर वाढतं. दोघं गप्पा मारत शेजारी-शेजारी पळाले, तर बाहेरचा रोज फुकटात जास्त पळतो. (आणि हरला तर तक्रारही करतो.)

पळताना बहुतेक मुलं पहिल्या शंभर मीटरलाच सगळा दम खर्चून टाकतात. तिसऱ्या फेरीत कमरेवर हात, पाचवीत चाल. शिकवायचं ते वेगाचं भान. तीन मिनिटांत ६०० करायचे असतील, तर प्रत्येक शंभराला ३० सेकंद. सरांनी फेरी पुरी होताना मोठ्याने सेकंद सांगायचे. पहिली फेरी २४ सेकंदांत आली की 'हळू' म्हणून ओरडायचं. तयारी पहिले दोन आठवडे १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पुढचे दोन आठवडे पळणं २ मिनिटं, चालणं १, सहा वेळा. पळताना तुटक का होईना, वाक्य बोलता आलं पाहिजे.

पुढे वाकण्याच्या चाचणीत आठवी-नववीतली मुलं मागच्या वर्षीपेक्षा मागे जातात आणि घरी 'मोबाईलमुळे' म्हणून बोलणी खातात. मोबाईलला दोष द्यायला इतर कारणं पुष्कळ आहेत. इथे कारण बहुतेकदा उंचीचं असतं : या वयात पाय धडाच्या आधी लांब होतात, म्हणून बोटं पूर्वीच्या जागी पोचत नाहीत. चाचणीआधी पाच मिनिटं हलकं पळून अंग गरम करावं, गुडघे सरळ ठेवावेत, हिसका देऊ नये.

(दृश्य : तालमीचा आखाडा. माती वर-खाली करणारा फावडा.)

पुशअप्समध्ये शून्य आलेल्या मुलाला 'रोज पुशअप्स मार' सांगण्यात अर्थ नसतो. एकही येत नाही म्हणून तर शून्य. आधी भिंतीला हात टेकून १५, ते सहज जमले की बाकावर हात टेकून १२, मग जमिनीवर. प्रत्येक पायरी दोन-तीन आठवडे. कंबर खाली लोंबली की तो पुशअप मोजायचा नाही, कारण भार छातीवरून सुटून पाठीच्या खालच्या मणक्यांवर जातो.

तालमीतला जोर याहून वेगळा. कंबर वर, मग छाती जमिनीलगत सरकत पुढे आणि वर. खांदा, पाठ आणि मांडीची मागची बाजू एकाच हालचालीत कामाला लागते. पेठांमधल्या तालमींत अजून लाल माती आहे. तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात; माती मऊ आणि ओलसर राहते. मूल पाठवण्याआधी पालकांनी मातीच बघावी. मुठीत दाबून उघडल्यावर ढेकूळ टिकलं आणि बोटाने सहज फुटलं, तर ठीक. दगडासारखी बसलेली माती म्हणजे खोदाई झालेली नाही. पडल्यावर खांदा लागतो. दुसरी गोष्ट त्वचा. कुस्तीत नायटा एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. सराव झाला की लगेच साबणाने आंघोळ, लंगोट रोज धुतलेला, पंचा स्वतःचा. अंगावर गोल लाल चट्टा दिसला, तर बरा होईपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही. चांगला वस्ताद स्वतःच बाहेर बसवतो.

ज्याला समोर प्रतिस्पर्धी नको, त्याला मल्लखांब. पुण्याला त्याची परंपरा पेशवाईपासूनची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांचं नाव या विद्येशी जोडलं जातं. १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांनी शहरात व्यायाम शिकवायची शिस्त घातली. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात, घर्षणाने कातडी सोलू नये म्हणून. नवखी मुलं ते जास्त चोपडतात आणि मग पकडच बसत नाही. मुली बहुतेक दोरीच्या मल्लखांबावर करतात. पहिले काही दिवस दोरी पायाच्या अंगठ्याजवळ काचते आणि निम्म्या मुली तिथेच सोडतात. काचतं ते पकड चुकल्यामुळे कमी आणि पायाला सवय नसल्यामुळे जास्त. दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. खाली गादी नसेल, तर मात्र त्या वर्गाला जाऊ नये. यावर तडजोड नको.

(दृश्य : पर्वतीच्या पायऱ्या, सकाळचं धुकं.)

पैसे न लागणारी सोय म्हणजे पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि दगडी. आठवड्यातून दोनदा, तीन चढणींपासून सुरुवात. चढताना दम लागतो, दुखतं मात्र उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणत-ताणत शरीराचं वजन अडवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना नकोसा वाटतो. धावत उतरायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दगडावर शेवाळ असतं. त्या दिवसांत कवायत घरीच, बारा सूर्यनमस्कारांपासून. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरकावं आणि दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं.

अकरा ते पंधरा वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखरं टेंगूळ आलं, की घरात घबराट होते. उड्या मारणाऱ्या, भराभर उंच होणाऱ्या मुलांत ते बऱ्याचदा दिसतं : मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथलं कोवळं हाड ओढलं जातं. एकदा डॉक्टरांना दाखवावं, उड्या कमी कराव्यात, दुखणं शमेपर्यंत पोहावं. नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं वेगळं. ते डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, एकदम अंतर वाढवल्याने येतं. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये.

जिमला जायचं का? देखरेख असेल, तर चौदाव्या-पंधराव्या वर्षी हलक्या वजनाने चालतं. वजन उचलल्याने उंची खुंटते, हे खरं नाही. बिघडतं ते आरशासमोरच्या पैजांमुळे. बारा ते पंधरा वेळा नीट उचलता येईल तेवढंच वजन घ्यावं. पावडरीचा डबा लागत नाही : दोन अंडी, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर उसळ यांत मिळून ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात, आणि पोळी-भात-वरणातली वेगळी.

(दृश्य : अकरावीचा वर्ग. फळ्यावर विषयांची यादी.)

आता कागदावरचा विषय. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' सक्तीचं आहे, पण त्याला श्रेणी मिळते आणि ती टक्केवारीत धरली जात नाही. म्हणूनच फेब्रुवारीत त्या तासाला गणित शिरतं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत मात्र शारीरिक शिक्षण हा पुऱ्या शंभर गुणांचा ऐच्छिक विषय : ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात तंदुरुस्ती चाचणीला ६, एका खेळाच्या कौशल्याला ७, योगासनांना ७, नोंदवहीला ५ आणि तोंडीला ५. सोपा समजून घेणारे लेखीत अडकतात. शरीररचना, आहार, स्नायूंचं काम, दुखापती असं सगळं त्यात आहे.

एनसीसीच्या ज्युनिअर विभागात दोन वर्षं कवायत, नेमबाजीची ओळख आणि शिबिर, शेवटी 'ए' प्रमाणपत्र. स्पर्धा खेळायच्या असतील, तर शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण यांच्या स्पर्धा वेगळ्या होतात. शाळा कुठल्या हद्दीत आहे त्यावर प्रवेश. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण असतात, पण ते आपोआप येत नाहीत. शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे प्रस्ताव जावा लागतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. 'ओंकार'चा 'ओमकार' झाला, की प्रस्ताव परत. प्रमाणपत्र हातात पडलं, की त्याच दिवशी तपासून घ्यावं.

(दृश्य : तेच मैदान, डिसेंबरची सकाळ. फक्कीच्या रेघा पुन्हा.)

बारा आठवड्यांनी चाचणी पुन्हा. मैदान तेच, वेळ तीच, बूट तेच, आणि कोपरे पूर्वीच्याच गोलाने आखलेले. पहिली चाचणी सकाळी साडेसातला आणि दुसरी मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर घेतली, तर आकडे घसरतात आणि वर्ग खट्टू होतो. तक्त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवावेत : सप्टेंबरचा आणि डिसेंबरचा. वर्गातल्या पहिल्या नंबराचा रकाना या तक्त्यात नाही.

शिपाईमामांनी रेघ पुरी केली. पहिला गट उभा राहिला. झेंडा वर गेला.