नऊ सामने, नऊ विजय आणि एक नकार

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात जेझुइट पाद्र्यांनी स्थापन केलेलं एक विद्यापीठ आहे, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. त्यांच्या संघांना 'डॉन्स' म्हणतात. १९५१ साली या डॉन्सचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. नऊ सामने, नऊ विजय. एवढं लक्षात राहू द्या.

खेळाविषयी थोडक्यात सांगतो. हे फुटबॉल मुख्यतः हातानं खेळायचं. चेंडू लांबट असतो, एका बाजूला अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडं नेला की टचडाउन. आजच्या गोष्टीपुरतं एवढं पुरे.

प्रशिक्षक होते जो कुहारिच, शिस्तीला अतिशय कडक. हंगामाआधी ते मुलांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग नावाच्या गावी सराव शिबिराला घेऊन जात. भर उन्हाळ्यातलं ऊन आणि अंगावर जाड संरक्षक सामान! पण त्या उन्हातून जी मुलं तयार झाली ती बघा. जिनो मार्केटी हा दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर मशीनगन चालवून आलेला. बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच, आणि मांस कच्चं खाण्याबद्दल प्रसिद्ध. हा पुढं डेली सिटी या गावाचा महापौर झाला. चेंडू घेऊन धावायला ऑली मॅटसन. बचावाला बर्ल टोलर. मॅटसन आणि टोलर हे दोघं कृष्णवर्णीय. दोघं आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजकडून एकत्र खेळले होते आणि तिथून बरोबरच डॉन्समध्ये आले.

मॅटसन त्या हंगामात १५६६ यार्ड धावला. देशभरातल्या कॉलेज खेळाडूंमध्ये हा सर्वांत मोठा आकडा. त्याशिवाय २१ टचडाउन. न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठाविरुद्ध तर प्रतिस्पर्ध्यांनी लाथाडलेला चेंडू झेलून त्यानं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धाव घेतली आणि दोन्ही वेळा टचडाउन केलं. तो सामना डॉन्सनी ३२-२६ असा जिंकला. आणि श्रोतेहो, हाच मॅटसन पुढच्या वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. चारशे मीटर धावण्यात कांस्यपदक आणि रिलेत रौप्यपदक घेऊन आला.

हेलसिंकी १९५२ म्हटल्यावर तुमच्या तोंडावर कुठलं नाव आलं ते मला इथं बसून ऐकू येतंय. खाशाबा जाधव! कराडजवळच्या गोळेश्वरचा आपला पैलवान त्याच ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासाचे पैसे उभे केले होते. आता थोडं विषयाबाहेरचं बोलतो, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या या माणसाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, २००१ साली. खाशाबा गेले १९८४ साली. माणूस डोळ्यांदेखत असताना त्याच्या गळ्यात हार पडला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. आणि खर्डेकरांसारख्या प्राचार्यांचं नाव प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्यात लावलेलं असलं पाहिजे. असो.

परत सॅन फ्रान्सिस्कोला येऊ.

त्या काळात नियमित हंगाम संपला की नव्या वर्षाच्या सुमारास मानाचे सामने होत. त्यांना बाउल म्हणतात. तिथं पात्रता फेरी वगैरे काही नव्हती. आयोजक मंडळी ठरवत आणि संघाला आमंत्रण देत. आमंत्रणाबरोबर पैसा येई, आणि डॉन्सना पैशाची फार गरज होती. विद्यापीठ लहान, फुटबॉलचा खर्च मोठा, तोटा वर्षानुवर्षं चाललेला. बाउलचं आमंत्रण आलं तर संघ टिकेल, नाही आलं तर कठीण आहे, हे खेळाडूंपासून पाद्र्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

नोव्हेंबरमध्ये स्टॉकटन गावी कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी सामना ठरला होता. पॅसिफिकचा संघही तगडा. बाउलवाल्यांचं लक्ष या सामन्याकडं होतं, जो जिंकेल त्याला बोलावणं येणार अशी चर्चा. डॉन्सनी सामना ४७-१४ असा जिंकला. म्हणजे अटीतटी वगैरे झालीच नाही, एकतर्फी सामना. त्यानंतर एकच सामना उरला होता, पॅसाडेनाच्या रोझ बाउल मैदानात लॉयोला विद्यापीठाशी. तोही २०-२ असा जिंकला. पुन्हा सांगतो, नऊ सामने, नऊ विजय. देशाच्या क्रमवारीत चौदावा क्रमांक.

आता बोलावणं यायला हवं होतं. ऑरेंज बाउल मायामीत, शुगर बाउल न्यू ऑर्लिन्समध्ये, गेटर बाउल जॅक्सनव्हिलमध्ये. ही तिन्ही शहरं अमेरिकेच्या दक्षिणेतली. १९५१ साली दक्षिणेत वर्णभेद कायद्यानं चालत होता. शाळा वेगळ्या, बसमधली बाकं वेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका मैदानात एकमेकांना भिडायचं हे तिथल्या बड्या लोकांना खपत नव्हतं.

मग निरोप आला. तो कसा आला, कोणामार्फत आला, याच्या हकिकती थोड्याफार वेगळ्या आहेत. पण निरोपाचा अर्थ सगळे खेळाडू एकच सांगत. या, खेळा, पण मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या.

जरा विचार करा, श्रोतेहो. समोर वीस-बावीस वर्षांची मुलं आहेत. काहींनी युद्ध पाहिलेलं, बहुतेक साध्या कामगार घरांतली. सबंध उन्हाळा कॉर्निंगच्या उन्हात अंग मोडून घेतलेलं. एकही सामना न हरता इथवर आलेली. बाउल खेळलं की साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत नाव, पुढं व्यावसायिक संघांची नजर, आणि विद्यापीठाच्या तिजोरीत पैसा. दोन मुलांना मागं ठेवायचं, एवढीच अट. बरं, ही अट त्या काळात नवी नव्हती. दक्षिणेत खेळायला जाताना अनेक संघांनी आपले काळे खेळाडू मागं ठेवले होते. त्याबद्दल फारसं कोणी बोलतही नसे. म्हणजे हो म्हणायला वाट मोकळी होती, आणि हो म्हटलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं.

कुहारिच यांनी मुलांसमोर गोष्ट ठेवली. जायचं तर त्या दोघांशिवाय.

मुलांनी नाही म्हटलं.

त्या संघातले खेळाडू पुढं म्हातारपणी ही आठवण सांगत तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगत. मतदान झालं नाही. लांबलचक चर्चा झाली नाही. कोणी भाषण केलं नाही. ऑली आणि बर्ल येणार नसतील तर आम्हीही येणार नाही. विषय संपला. मार्केटी म्हणा, सेंट क्लेअर म्हणा, सगळ्यांच्या सांगण्यात हाच सूर की यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

मला या हकिकतीतलं हेच सर्वांत मोठं वाटतं. कागदावर सह्या झाल्या नाहीत, पत्रकार परिषद झाली नाही, जाहीर निषेध झाला नाही. मुलं घरी गेली. नव्या वर्षाला ते तिन्ही बाउल दुसऱ्या संघांनी खेळले. आणि विद्यापीठानं काही दिवसांतच जाहीर केलं की मोठ्या पातळीवरचं फुटबॉल आम्ही बंद करत आहोत, खर्च झेपत नाही. नऊ सामने, नऊ विजय, आणि संघच बंद.

इतक्या लहान विद्यापीठाच्या या एका संघातले नऊ जण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. मार्केटी आणि मॅटसन १९७२ साली, आणि सेंट क्लेअर १९९० साली, व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. एकाच कॉलेज संघातले तीन! आणखी एक नाव सांगतो. या डॉन्सच्या बातम्या वर्तमानपत्रांकडं पोचवणारा, प्रसिद्धीचं काम बघणारा एक पोरगेलासा तरुण होता, पीट रोझेल. हा १९६० साली सबंध एनएफएलचा प्रमुख झाला आणि १९८९ पर्यंत राहिला. प्रसिद्धीचं काम करणाऱ्यांना आपल्याकडं क्रीडासंस्था हिशेबात धरत नाहीत. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेचा निकाल संध्याकाळी आकाशवाणीकडं कळवणारा एखादा मुलगा असतो, त्याचा चहासुद्धा कोणी विचारत नाही. त्याला जपा, एवढं सांगतो.

बर्ल टोलरचं मात्र वेगळंच झालं. १९५२ साली कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळाचं दार बंद झालं. तो शिक्षक झाला, पुढं सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि शाळा सांभाळत पंचगिरी करू लागला. १९६५ साली एनएफएलनं त्याला पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. पंचांबद्दल माझं म्हणणं असं की चांगला पंच हा त्या मैदानातला सर्वांत एकटा माणूस असतो. दोन्ही बाजू त्याच्यावर चिडलेल्या, आणि त्यानं आवाज न चढवता बोट दाखवायचं. शाळेतल्या स्पर्धांना शिट्टी वाजवणाऱ्या आपल्या क्रीडाशिक्षकांनाही हे चांगलं माहीत आहे. आणि त्यांना शिट्टीबरोबर एक धड मैदान तरी द्या हो! शाळेचं मैदान मोटारी उभ्या करायला भाड्यानं द्यायचं आणि मग मुलं खेळत नाहीत म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही.

तर टोलर पंच झाला. जानेवारी १९८० मध्ये सुपर बाउल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, पॅसाडेनाच्या रोझ बाउल मैदानात झाली. १९५१ च्या हंगामातला डॉन्सचा शेवटचा सामना झाला तेच हे मैदान. त्या अंतिम लढतीत मुख्य रेषापंच होता बर्ल टोलर, आणि लीगच्या प्रमुखपदी होता पीट रोझेल.

२००६ साली विद्यापीठानं त्या संघातल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. टोलर २००९ साली गेला, मॅटसन २०११ साली. विद्यापीठात एक वसतिगृह होतं, त्याला जेम्स फेलन या राजकारण्याचं नाव होतं. हा फेलन सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर आणि नंतर सिनेटर. १९२० साली त्यानं कॅलिफोर्निया गोऱ्यांचीच राहू द्या अशी घोषणा देऊन निवडणूक लढवली होती. विद्यार्थ्यांनी ते नाव बदलण्याची मागणी लावून धरली. २०१७ साली ते बदललं. आज त्या वसतिगृहाचं नाव बर्ल टोलर हॉल आहे आणि दरवर्षी नव्यानं आलेली मुलं तिथं राहतात.

नमस्कार.